शेजारची लोकल सुटली की आपली का हलते? मन, यंत्र आणि दोघांच्या चुका

दादरला गाडी उभी आहे. खिडकीतून दिसते ती फक्त शेजारच्या रुळावरची लोकल. ती सुटते, आणि दोन-तीन सेकंद आपल्याला पक्की खात्री असते की निघाली ती आपलीच गाडी, तीही मागे. मग पलीकडचा एखादा खांब नजरेला पडतो आणि सगळं जागच्या जागी येतं. लोक पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घालतात. कॉग्निटिव्ह सायन्समध्ये, म्हणजे मन माहिती कशी घेतं, साठवतं आणि वापरतं याच्या अभ्यासात, अशा क्षणांना मात्र फार भाव आहे. मेंदू बरोबर चालत असताना आतलं काही दिसत नाही. तो चुकला की कशाच्या भरवशावर चालला होता ते उघडं पडतं. म्हणून या लेखात आपण चुकांच्या मागे जाणार आहोत. आधी माणसाच्या, मग यंत्राच्या.

आपण हलतोय की नाही हे कळायच्या शरीरापाशी मुख्य दोन वाटा आहेत. पहिली कानाच्या आत. तिथल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोकं वळलेलं ओळखतात आणि दोन छोट्या पिशव्या सरळ रेषेतला वेग बदलला की ओळखतात. यातलं 'बदलला की' महत्त्वाचं. गाडी ताशी ८० किलोमीटरने एकसारखी धावत असेल तर या यंत्रणेच्या लेखी तुम्ही घरी सोफ्यावर बसलेले आहात. गाडी फार हळुवार सुटली तरीही तिला पत्ता लागत नाही. दुसरी वाट डोळ्यांची. समोरचं सगळं दृश्य एका बाजूला सरकलं तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा आपण हललो असाच असतो, कारण आख्खं जग एकदम सरकण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

आता मेंदूचा हिशेब आकड्यांत मांडू. आकडे केवळ समजण्यापुरते. समजा, आजवर सगळं दृश्य सरकलं अशा १०० वेळांपैकी ९५ वेळा तुम्ही स्वतः हलला होता आणि ५ वेळा समोरची गोष्ट हलली होती. शिवाय समजा, तुम्ही हलता तेव्हा पाचातून एकदा धक्का जाणवतच नाही. आत्ता दृश्य सरकलं आहे आणि धक्का बसलेला नाही. ९५ पैकी बिनधक्क्याचे प्रसंग १९. उरलेल्या ५ मध्ये धक्क्याचा प्रश्नच नाही, म्हणून ते पाचही धरायचे. सामना १९ विरुद्ध ५. धक्का नसूनही पारडं 'मी हललो' याच बाजूला झुकतं. नंतर खांब दिसतो आणि तो जागचा हललेला नसतो. तुम्ही हलत असताना खांब स्थिर दिसण्याची शक्यता जवळजवळ शून्य, त्यामुळे १९ चे शून्य होतात आणि भास एका झटक्यात मोडतो. आधीचा अनुभव आणि ताजा पुरावा यांचा गुणाकार करून मत बदलण्याच्या या रीतीला इंग्रज गणिती थॉमस बेज याचं नाव आहे. त्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७६३ साली छापला गेला.

मेंदू कागदपेन्सिल घेऊन असा गुणाकार करतो, असं कुणाचं म्हणणं नाही. तो असा वागतो, एवढंच. जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ याने १८६० च्या दशकातच याला 'नकळत काढलेलं अनुमान' म्हटलं होतं. दिसणं म्हणजे फोटो काढणं नव्हे. तुटपुंज्या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष म्हणजे दिसणं. नंतरच्या दीडशे वर्षांत या वाक्याला तपशील पुष्कळ जोडले गेले, गाभा तोच राहिला.

खिडकीची जागा मिळालीच असेल तर आणखी एक गोष्ट करून बघा. गाडी धावत असताना अर्धा-एक मिनिट नजर खिडकीच्या गजावर रोखून ठेवा, बाहेरचं पळू द्या. गाडी थांबली की क्षणभर फलाट पुढे सरकतोय आणि आपण मागे घसरतोय असं वाटेल. मेंदूत एकेका दिशेच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या वेगवेगळ्या पेशी असतात. 'मागे पळणारं' ओळखणाऱ्या पेशी मिनिटभरात मंदावतात. दृश्य थांबलं की उलट दिशेच्या पेशी त्यांच्या तुलनेत जोरात ठरतात आणि तोल त्यांच्या बाजूला जातो. प्रयोग फसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नजर गजावर न राहता बाहेरच्या इमारतींमागे धावते. मग दृश्य डोळ्याच्या पडद्यावर नीट सरकतच नाही.

डोळा किती कमी बघतो

अनुमान का काढावं लागतं, ते डोळ्याची मिळकत पाहिली की कळतं. एका डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या साधारण १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकूपेशी असतात, पण मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू अवघे १० लाखांच्या घरात. म्हणजे छाटाछाट डोळ्यातच सुरू होते. त्यातही बारीक तपशील फक्त मधल्या चिमुकल्या भागाला दिसतो. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा: स्पष्ट दिसणारा भाग साधारण तेवढाच. पेपरातल्या एका अक्षरावर नजर खिळवून चार बोटं पलीकडचा शब्द वाचायचा प्रयत्न केला तर हे लगेच पटेल. डोळा सेकंदाला तीन-चार उड्या मारत हा छोटा झोत इकडेतिकडे फिरवतो आणि उड्यांच्या दरम्यानचं धूसर चित्र मेंदू गिळून टाकतो. आरशात आधी स्वतःचा डावा डोळा, मग उजवा बघा. आपले डोळे हलताना आपल्याला कधीच दिसत नाहीत, शेजारी उभ्या असलेल्याला मात्र दिसतात.

याहून मोठी उणीव म्हणजे नस डोळ्यातून बाहेर पडते ती जागा. तिथे प्रकाश टिपणारी एकही पेशी नाही. ही जागा घरी शोधता येते. कागद आडवा धरून डाव्या बाजूला अधिकचं चिन्ह काढा आणि त्याच्या उजवीकडे सरळ रेषेत ८ सेंटीमीटरवर १ सेंटीमीटर व्यासाचा भरीव ठिपका. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने अधिकच्या चिन्हाकडेच बघत कागद हाताच्या अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण ३० सेंटीमीटरवर ठिपका नाहीसा होईल, आणखी जवळ आणला की परत येईल. नाहीसा झाला नाही तर बहुधा नजर ठिपक्याकडे पळाली आहे. नाहीतर भलताच डोळा झाकलाय किंवा मान तिरकी आहे. ही आंधळी जागा नजरेच्या मध्यापासून कानशिलाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर आणि किंचित खाली असते. तिची रुंदी ५ अंशांच्या आसपास, म्हणजे ३० सेंटीमीटरवर जवळपास अडीच सेंटीमीटर. मान कलली की ठिपका तिच्या वरून किंवा खालून निसटतो.

खरी गंमत पुढे आहे. ठिपक्याऐवजी आडवी रेघ काढा आणि बरोबर त्या जागी दीड सेंटीमीटरचा तुकडा कोरा सोडा. तोच प्रयोग केला की रेघ सलग दिसते. मेंदूने तिथे काळं भोक दाखवलं नाही. दोन्ही बाजूंना रेघ आहे म्हणजे मध्येही असणार, असं धरून त्याने जागा भरून काढली. दिवसभर दोन्ही डोळ्यांत हे चालू असतं आणि कुणाला खबर नसते.

जुहूची वाळू आणि न ऐकणारं मन

मेंदूचं आणखी एक जुनं गृहीतक असं की उजेड वरून येतो. ते पकडायला संध्याकाळी सूर्य खाली कलल्यावर जुहूच्या किनाऱ्यावर समुद्राकडे तोंड करून उभे राहा आणि वाळूतल्या पावलांच्या ठशांचा जवळून फोटो काढा. फोनचं आपोआप फिरणं बंद करून फोटो उलटा धरा. बहुतेकांना ठसे आत दबलेले न दिसता वर उचललेले दिसतात. मूळ फोटोत उजेड वरच्या कडेकडून येत होता, उलटा केल्यावर तो खालून आला. मेंदू 'खालून उजेड' मानायला तयार नाही, त्यापेक्षा तो खड्ड्याचा उंचवटा करतो. भर दुपारी सावल्या पडत नाहीत, म्हणून तेव्हाचा फोटो कामाचा नाही. चौकटीत माणसं किंवा समुद्र आला तरी भास मोडतो, कारण वर-खाली कुठे आहे ते मेंदूला कळतं.

भास आहे हे कळल्यावर तरी ठसे खड्ड्यासारखे दिसायला हवेत की नाही? नाही दिसत. टोकांना आत वळलेले बाण असलेली रेघ बाहेर वळलेल्या बाणांच्या रेघेपेक्षा आखूड दिसते, हा म्युलर-लायर भास १८८९ पासून ठाऊक आहे. पट्टी लावून दोन्ही सारख्या आहेत हे मोजल्यावरही तो तसाच राहतो. यावरून अमेरिकन तत्त्वज्ञ जेरी फोडर याने १९८३ साली मांडलं की बघणं, वाक्य कळणं ही कामं मनातली बंदिस्त खाती करतात, आणि वरच्या मजल्यावरचं ज्ञान त्यांच्यात ढवळाढवळ करू शकत नाही. खाती तितकी घट्ट बंद नाहीत हे पुढे बऱ्याच प्रयोगांत दिसलं. त्यातला सर्वांत ठसठशीत १९७६ चा मॅकगर्क आणि मॅकडोनल्ड यांचा: आवाज 'बा' चा, पडद्यावर ओठ 'गा' चे, आणि ऐकणाऱ्याला ऐकू येतं 'दा'. 'बा' म्हणायला ओठ मिटावे लागतात, डोळ्यांना ते मिटलेले दिसले नाहीत, म्हणून कानाने तडजोड केली. सगळ्यांनाच हे होत नाही आणि आवाज-चित्राचा मेळ फार ढळला तर कुणालाच होत नाही.

वेळेच्या बाबतीतही मेंदूला अंदाजच चालवावा लागतो. ताशी १४० किलोमीटरचा चेंडू फलंदाजापर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आतबाहेर पोचतो आणि उजेड दिसून हात हलायलाच सुमारे पाव सेकंद जातो. लँड आणि मॅक्लाउड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेची नोंद घेतली, तेव्हा दिसलं की चेंडू सुटताना ते बघतात आणि मग नजर थेट टप्पा पडणार त्या जागी उडी मारून थांबते. चांगल्या फलंदाजाची उडी लवकर पडते. तेव्हा शिवाजी पार्कवर कोच 'शेवटपर्यंत चेंडूवर नजर!' असं ओरडतात, ते शब्दशः पाळणं कुणालाच शक्य नसतं.

मन म्हणजे हिशेब, पण कुठल्या मजल्यावरचा?

मनाचं काम हिशेबासारखं असू शकतं, हा विचार एका दिवसात आला नाही. ब्रिटिश गणिती ॲलन ट्युरिंगने १९३६ साली दाखवलं की चिन्हं वाचणारं, पुसणारं, लिहिणारं आणि ठरावीक नियमांनी पुढे सरकणारं एक कागदावरचं यंत्र रीतसर करता येणारा कुठलाही हिशेब करू शकतं. १९४३ साली मॅक्कलक आणि पिट्स यांनी मेंदूपेशीला 'बेरीज ठरावीक मर्यादेपुढे गेली तर १, नाहीतर ०' अशा सोप्या रूपात मांडलं. ११ सप्टेंबर १९५६ ला अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेतल्या एका परिषदेत न्यूएल आणि सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम, चॉम्स्की यांनी व्याकरणाचे नियम आणि जॉर्ज मिलर यांनी तात्पुरत्या स्मरणशक्तीची मर्यादा मांडली. कॉग्निटिव्ह सायन्सचा वाढदिवस म्हणून मिलर हीच तारीख सांगत.

मुंबईही तेव्हा मागे नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा पहिला संगणक उभा राहत होता. टिफ्रॅक नावाचा हा पूर्ण संगणक १९६० साली सुरू झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्या आणि प्रत्येकी ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे जेमतेम १० किलोबाइट स्मृती. नरसिंहन पुढे चित्रांची रचना नियमांनी ओळखण्याकडे आणि मुलं भाषा कशी शिकतात याकडे वळले. हे वळण साहजिक होतं. यंत्राला एखादी गोष्ट शिकवायला बसलं की माणूस ती कशी करतो याबद्दल आपल्याला किती कमी कळतं ते लगेच कळतं.

'मन म्हणजे संगणक' हे वाक्य मात्र फार ढिलं आहे. त्याला शिस्त लावली ब्रिटिश शास्त्रज्ञ डेव्हिड मार याने. त्याचं मुख्य पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९८२ साली आलं. त्याचं सांगणं असं की माहिती हाताळणाऱ्या कुठल्याही यंत्रणेबद्दल तीन वेगळे प्रश्न विचारायचे, जणू तीन मजले. बेस्टच्या बसचं तिकीट घ्या. पहिला प्रश्न: काय काढायचं आहे आणि का? चढण्या-उतरण्याची जागा दिली की भाडं काढायचं, अंतर वाढलं की ते वाढलं पाहिजे. दुसरा: कुठल्या रीतीने? एक कंडक्टर टप्पे मोजतो, दुसऱ्याला आख्खा तक्ता पाठ आहे, मशीन यादीत शोधतं. तिसरा: कशावर? पत्र्याची पेटी आणि पंच, हातातलं मशीन किंवा मोबाईल ॲप. भाडं तिन्हींत सारखंच निघतं, पण बिघाड निरनिराळे होतात. भाडेवाढ झाली आणि जुनाच दर लावला तर चूक पहिल्या मजल्यावरची. एक टप्पा दोनदा मोजला गेला तर दुसऱ्या. बॅटरी संपली तर तिसऱ्या. चूक बघून मजला ओळखता येतो, आणि ही युक्ती मनालाही लागू पडते. लोकलमधला भास पहिल्या मजल्यावरचा नाही: पुराव्यावरून सर्वांत संभवनीय उत्तर काढायचं हे काम योग्यच आहे, आत्ताचा प्रसंग तेवढा विरळा. गजाकडे बघून होणारा भास मात्र पेशी मंदावण्याचा, म्हणून तिसऱ्या मजल्यावरचा.

'करलं' म्हणणारं मूल

दुसऱ्या मजल्यावरचा सगळ्यात गाजलेला वाद लहान मुलांच्या बोलण्यावरून झाला. मराठी घरातलं मूल आधी 'केलं' असं बरोबर म्हणतं, कारण ते कानावर पडलेलं असतं. मग काही महिन्यांनी एकदम 'मी करलं', 'झुरळ मरलं' सुरू होतं. आईवडिलांना वाटतं पोर मागे गेलं. वास्तविक ते पुढे गेलेलं असतं. भर-भरलं, धर-धरलं यातून त्याने नियम काढला आणि तो कर, मर यांनाही लावला. 'करलं' हे त्याने मोठ्यांकडून ऐकलेलं नव्हे, घडवलेलं आहे. पुढे अपवाद पक्के होतात आणि 'केलं' परत येतं. बरोबर, चूक, परत बरोबर, हा क्रम इंग्रजी मुलांतही तपशीलवार नोंदला गेला आहे.

डोक्यात नियम आहे असं यावरून सिद्ध होतं का? १९८६ साली रुमेलहार्ट आणि मॅक्लेलंड यांनी एक कृत्रिम पेशीजाळं बनवलं. त्यात नियम कुठेही लिहिलेला नव्हता, फक्त जोडण्यांची वजनं होती, म्हणजे कुठली जोडणी किती जोराने मोजायची याचे आकडे. त्याला इंग्रजी क्रियापदं शिकवली आणि त्यानेही आधी बरोबर, मग चूक, मग बरोबर हा क्रम दाखवला. दोन वर्षांनी पिंकर आणि प्रिन्स यांनी त्यातली मेख दाखवली. जाळ्याला आधी १० क्रियापदं दिली होती आणि मग अचानक ४१० ची भर घातली होती. चुकांची लाट त्या उडीमुळे आली. त्याहून बोलका पुरावा म्हणजे चुकांची जात. 'मेल' (टपालाने पाठवणं) या इंग्रजी क्रियापदाचं भूतकाळी रूप त्या जाळ्याने 'मेल्ड'ऐवजी 'मेंबल्ड' असं दिलं. मूल 'करलं' म्हणेल, असलं काही म्हणणार नाही. उत्तरांची टक्केवारी जुळली तरी चुका जुळत नसतील तर आतली रीत वेगळी आहे.

अशी जाळी शिकतात कशी, हे थोडक्यात. १९५८ साली फ्रँक रोझनब्लॅटने मांडलेल्या परसेप्ट्रॉनमध्ये प्रत्येक निविष्टीला, म्हणजे आत येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक आकड्याला, वजन असतं. वजनांची बेरीज मर्यादेपुढे गेली तर उत्तर १, आणि उत्तर चुकलं की वजनं थोडी हलवायची. पण जिन्यातला दिवा त्याला जमत नाही. वर एक बटण, खाली एक, आणि दोहोंपैकी नेमकं एक दाबलेलं असेल तरच दिवा लागायचा. काहीच दाबलेलं नसताना बेरीज शून्य आणि दिवा बंद हवा, म्हणजे मर्यादा शून्य किंवा जास्त. एकेकट्या बटणाने दिवा लागायला हवा, म्हणजे प्रत्येक वजन मर्यादेपेक्षा मोठं. मग दोन्ही दाबली तर बेरीज त्याहून मोठी, आणि दिवा लागलेलाच राहतो. वजनं काहीही घ्या, सुटका नाही. मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी १९६९ साली अशा मर्यादा गणिताने मांडल्या. मध्ये आणखी एक थर घातला की प्रश्न सुटतो: एक पेशी 'किमान एक दाबलंय' ओळखते, दुसरी 'दोन्ही दाबलीत', आणि शेवटची पहिलीतून दुसरी वजा करते. अडचण होती ती मधल्या थराला शिकवायचं कसं ही. शेवटची चूक मागे-मागे वाटून देण्याची रीत १९८६ च्या रुमेलहार्ट, हिंटन आणि विल्यम्स यांच्या लेखाने सर्वमान्य झाली. आजची यंत्रं याच रीतीवर वाढली आहेत, फक्त वजनं आता अब्जांच्या हिशेबात.

यंत्र बघतं म्हणजे काय बघतं

फोटो ओळखणारी अशी जाळी आज माणसाच्या तोडीला येतात. त्यांच्या चुका बघा. २०१४ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात एका जाळ्याने पांडाचा फोटो ५७.७ टक्के खात्रीने पांडा म्हणून ओळखला. मग प्रत्येक बिंदूच्या रंगात माणसाला दिसणारही नाही एवढा, पण मोजूनमापून निवडलेला फरक केला. जाळ्याने तोच फोटो ९९.३ टक्के खात्रीने गिबन माकडाचा ठरवला. २०१९ साली गाइरहोस आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या आकारावर हत्तीच्या कातडीचा पोत चढवला. माणसं म्हणाली मांजर, नेहमीच्या फोटोंवर शिकलेली जाळी म्हणाली हत्ती. लाखो फोटोंतून नावं ओळखायला पोत पुरेसा होता, मग जाळं आकाराच्या वाटेला कशाला जाईल? त्याने फसवलं नाही, दिलेलं काम स्वस्तात उरकलं. मारच्या भाषेत घोळ पहिल्या मजल्यावर आहे: आपल्याला 'बघणं' हवं होतं, शिकवलं 'फोटोला नाव देणं'.

माणसाचं बघणं तरी उपजत असतं का, यावर भारतातलं काम फार मोलाचं आहे. १६८८ साली आयरिश विद्वान मॉलिन्यूने इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकला विचारलं होतं: जन्मांध माणसाला दृष्टी आली, तर स्पर्शाने ठाऊक असलेला घन आणि गोल तो नुसत्या नजरेने ओळखेल का? एमआयटीचे पवन सिन्हा यांच्या प्रोजेक्ट प्रकाशमध्ये जन्मापासून दृष्टी नसलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. अशा ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांचा निकाल २०११ साली आला. पट्टी निघाल्यावर हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखणं जवळपास नाणेफेकीइतकंच जमलं, मात्र काही दिवसांतच ते सुधारलं. सुरुवातीला या मुलांना एकमेकांवर आलेल्या आकृत्या सुट्या तुकड्यांसारख्या दिसत, रंग किंवा उजेड बदलला की नवी वस्तू. तुकडे एकत्र हलवले की मात्र ती एक वस्तू आहे हे कळे. बघणं शिकायला हालचाल एवढी कामाची आहे. त्या जाळ्यांना शिकायला मिळाले ते बहुतेक थिजलेले फोटो.

बोलणाऱ्या यंत्राची तपासणी

ट्युरिंगने १९५० साली 'यंत्र विचार करतं का' हा प्रश्न बाजूला ठेवून, लेखी संवादातून ते माणसापासून ओळखू येतं का, असं विचारलं. त्या लेखातल्या नमुना संवादात ३४,९५७ आणि ७०,७६४ यांची बेरीज विचारलेली आहे. समोरून अर्ध्या मिनिटाने उत्तर येतं: १,०५,६२१. करून बघा, शंभरने चुकलंय, हवं १,०५,७२१. पुढे लेखातच म्हटलंय की यंत्राने माणूस वाटायला मुद्दाम चुका कराव्यात. म्हणजे चुकांचं महत्त्व ट्युरिंगला पुरेपूर माहीत होतं.

१९८० साली अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन सर्लने हरकत घेतली. चिनी न येणारा माणूस खोलीत बसून, नियमांच्या वहीतून बघून चिनी प्रश्नांना चिनी उत्तरं सरकवतो. बाहेरच्याला वाटतं आत चिनी जाणणारा आहे, आत तर कुणालाच अक्षर कळत नाही. आम्हाला हा मुद्दा अर्धाच पटतो. एकट्या मेंदूपेशीलाही चिनी कळत नसतं, तेव्हा 'आतल्या माणसाला कळत नाही' एवढ्यावरून आख्ख्या खोलीचा निकाल लागत नाही. पण चिन्हांचा जगाशी सांधा कुठे जुळतो, हा त्याचा प्रश्न आजही जिवंत आहे.

आजचे चॅटबॉट मुळात पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज करायला शिकलेले असतात, आणि ते मजकूर अक्षरांत नाही, तुकड्यांत घेतात. आपण 'मुंबई' तीन अक्षरांत वाचतो: मुं, ब, ई. संगणकात तीच म, उकार, अनुस्वार, ब, ई अशी पाच चिन्हं होतात, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला नेहमीच्या पद्धतीत ३ बाइट लागत असल्याने एकूण १५ बाइट. त्यांचे तुकडे कुठे पडतील ते शिकवणीतल्या मजकुरावर ठरतं, आणि त्यात मराठी थोडी असते. म्हणून 'हा शब्द उलटा लिही', 'यात अनुस्वार किती?' अशा पोरसवदा प्रश्नांवर सफाईदार निबंध लिहिणारं यंत्र अडखळू शकतं. ही बुद्धीची कमतरता म्हणण्यापेक्षा निविष्टीच्या रूपाची गोष्ट आहे, डोळ्यातल्या आंधळ्या जागेइतकीच.

तपासायचंच असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. प्रसिद्ध कोडं देऊ नका, ते शिकवणीत येऊन गेलेलं असतं. त्यातला एक निर्णायक आकडा बदलून द्या आणि उत्तर बदलतं का बघा. तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत नव्या संवादात विचारा. बिनतोड वाटणारा संदर्भ मिळाला तर तो अस्तित्वात आहे का ते बाहेर शोधा, कारण ओघवतं असणं आणि खरं असणं ही यंत्राला एकत्र शिकवलेली कामं नाहीत. आणि ते चुकलं की नुसतं 'चुकलं' असं लिहून ठेवू नका, काय म्हणालं ते शब्दशः लिहा. त्याची चूक 'करलं' सारखी आहे की 'मेंबल्ड' सारखी, ते त्याच नोंदीवरून ठरेल.